आजोबांचा पलटणी नंबर

आमच्या घरात आजोबांचं युद्ध म्हणजे दोनच वाक्यं. 'बर्माला होते' आणि 'त्याबद्दल फार बोलत नसत.' त्यातलं दुसरं खरं निघालं.

हल्ली ओळखीपाळखीतले बरेच जण विचारतात, की आमचेही आजे-पणजे मिलिटरीत होते, शोध कुठून सुरू करायचा? घर मूळचं साताऱ्याकडचं, मी राहते उल्हासनगर कॅम्प दोनला. या शोधात जे हाती लागलं, ते सांगते.

१. धारातीर्थी पडलेला सापडतो, घरी आलेला सापडत नाही

ऐकायला विचित्र वाटेल, पण कागदाचा न्याय असाच आहे. युद्धात कामी आलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ठेवतं. ती घरबसल्या, फुकट बघता येते आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, जिल्हाही मिळतो. खडकीला त्यांचं युद्धस्मारक आहे. इटलीत सांग्रो नदीजवळ आणि फोर्लीला, दहन झालेल्या हिंदू आणि शीख जवानांची नावं कोरलेली स्मारकं आहेत. घरातला माणूस परत आलाच नसेल तर तिथूनच सुरुवात करा.

आमचे आजोबा मात्र १९४६ साली धडधाकट परतले, दोन हंगाम शेतात राबले आणि परळच्या गिरणीत लागले. असल्या माणसाचं नाव कुठल्याच दगडावर नसतं. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी दिसते, तिच्यावरही या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढंच असतं. नावं नाहीत.

२. नाव कुणी विचारत नाही

फौजेत नाव दुय्यम. आमच्या आडनावाचे, त्यातही आजोबांच्याच नावाचे शिपाई एकेका पलटणीत किती असतील ते देव जाणे. शिवाय भरतीच्या वेळी कारकुनानं कानाला लागेल तसं नाव लिहिलेलं. हवा तो नंबर आणि पलटण.

'मिलिटरीत होते' एवढ्यानं भागत नाही, कारण प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळ्या ठिकाणी. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव. १ ऑक्टोबर १९४१ रोजी उभी राहिलेली महार रेजिमेंट असेल तर आता मध्य प्रदेशातलं सागर. बॉम्बे सॅपर्स असतील तर खडकी. ज्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. १९२२ साली मराठा पलटणींचे आकडे बदलले. जुनी १०३ नंबरची पलटण एक-पाच झाली, १०५ ची दोन-पाच, ११० ची तीन-पाच, ११६ ची चार-पाच, ११७ ची पाच-पाच. म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली, दुसरी, तिसरी बटालियन, असं. मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या कैदेत गेलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही होत्या. आणि जुन्या इंग्रजी कागदांत 'मराठा' हे नाव मध्ये 'एच' घालून लिहिलेलं असतं. आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर निम्मं हाती लागणार नाही.

३. पैशाचा कागद शोधा

ही अक्कल मला शेजारच्या सिंधी काकांनी दिली. त्यांचे वडील फाळणीनंतर सिंधमधल्या हैदराबादहून आले. मागे राहिलेल्या घराचा क्लेम १९५० च्या कायद्याखाली केला होता, त्याची फाइल काकांनी अजून मेणकापडात बांधून ठेवलीय. मी आजोबांचं पत्र, डायरी, फोटो असं काहीबाही शोधतेय म्हटल्यावर ते म्हणाले, "पहले ये देखो, घर में पैसा कैसे आता था. उसका कागज जरूर होगा."

होता. शिपायाच्या पगारातला ठरलेला हिस्सा दरमहा घरी यायचा, मनिऑर्डरनं. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि फॉर्मच्या तळाचं कूपन आजीकडे राहायचं. आजीला अक्षरओळख नव्हती, पण तिनं ती कूपनं फेकली नाहीत. बिलं लावतात तशी वाकड्या तारेला टोचून ठेवली. गावच्या घरी माळ्यावर ती तार मिळाली. कागद तपकिरी, शाई उडालेली, तरी नंबर लिहिलेला दिसत होता. फक्त तार नेमकी त्याच जागी आरपार. पहिले आकडे वाचता येत होते, शेवटच्या दोन आकड्यांच्या जागी भोक. चुलतभाऊ भिंग घेऊन बसला, एकेक कूपन उन्हाला धरून पाहिलं. आजी इतकी नेटकी, की प्रत्येक कूपन त्याच ठिकाणी टोचलेलं.

पेन्शन असती तर एवढा खटाटोप पडला नसता, सगळं पेन्शनच्या कागदावरच मिळालं असतं. पण पेन्शनला १५ वर्षांची नोकरी लागते. युद्धापुरते भरती झालेले हजारो जण १९४६ च्या सुमारास थोडी रक्कम हातावर घेऊन मोकळे झाले. अशा, पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन दरमहा आर्थिक मदत देतं. त्या अर्जाला डिस्चार्ज बुकाची नक्कल जोडावी लागते. आमच्या आजीनं तो अर्ज कधी केला नाही, पण भावकीतल्या एका आजोबांची अख्खी कुंडली त्याच फायलीत मिळाली.

४. लेकींच्या घरी विचारा

आपण शोधतो ते मुलाच्या, नातवाच्या घरी, म्हणजे आडनाव चालतं तिथे. पण लष्करी पेटी पुष्कळदा लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर जाते, कारण ती मजबूत असते. आमची बदलापूरला आत्याकडे होती. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचं पाणी तिच्या तळमजल्यात शिरलं, त्यात पेटीतल्या कागदांचा लगदा झाला. डिस्चार्ज बुक बहुधा त्यातच होतं. पेटी तेवढी धुऊन-पुसून ठेवली, पुढे तीत गोधड्या गेल्या.

बाहेरून तिला आत्याच्या यजमानांनी दोनदा हिरवा ऑइलपेंट मारलेला. झाकणाच्या आत मात्र कुणी ब्रश फिरवला नव्हता. तिथे पांढऱ्या रंगात, इंग्रजीत, पाच आकडी नंबर, पुढे आजोबांचं नाव, खाली एकाखाली पाच आणि एम.एल.आय., म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची एक-पाच. शेवटचे दोन आकडे जागेवर. आत्या म्हणाली, "अगं, मला वाटलं पेटीच्या कारखान्याचा नंबर असेल."

५. बिल्ला नीट वाचा

आमच्याकडे खंडेनवमीला कोयता-विळ्याबरोबर आजोबांचा बिल्लाही पूजेत असायचा, दरवर्षी चिंचेनं घासून लख्ख केलेला. सहा टोकांचा तारा, रिबीन कधीच गेलेली. दुसऱ्या महायुद्धाचे हे तारे एकाच घडणीचे असतात. आफ्रिका, इटली, बर्मा हा फरक मधल्या गोलातल्या अक्षरांत आणि रिबिनीच्या रंगांत. चिंचेनं झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडात वाचली तर निघालं 'द इटली स्टार'. म्हणजे बर्मा गेला! सोसायटीतल्या कुणाचे तरी आजोबा बर्माला होते, ते ऐकून आमच्या घरानंही बर्मा घेतला असावा.

पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याची कड पाहा, तिथे नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. दुसऱ्याच्या ताऱ्यांवर सहसा नाव नसतं, त्यामुळे तारा आपल्याच माणसाचा हे इतर कागदांवरून ठरवावं लागतं.

जुनी पत्रं असतील तर मजकुराआधी पाकिटावरचा शिक्का बघा. सेन्सॉरमुळे पत्रात गावाचं नाव येत नसे, पण फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर उमटायचा, आणि तो नंबर केव्हा कुठे होता याच्या याद्या टपालसंग्राहकांकडे मिळतात.

६. रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना

नंबर, नाव, पलटण, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचा आणि सुटण्याचा अंदाजे काळ, आणि नात्याचा पुरावा. भावनेचा परिच्छेद नको. अपेक्षाही बेताची ठेवा, कारण पेन्शन नसलेल्या शिपायाची कागदपत्रं नियमानुसार २५ वर्षांनी नष्ट केली जातात. उरतो तो लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही. त्यात एकेकाची एक ओळ असते, तेवढी मिळाली तरी भरून पावलो म्हणायचं. आमची मिळाली.

७. पलटण सापडते, माणूस मागेच राहतो

एक-पाच ही जंगी पलटण. ती आठव्या भारतीय डिव्हिजनमधून सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली, नोव्हेंबरात सांग्रो नदी ओलांडली आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीकाठी होती. हे सारं छापलेलं आहे. बिशेश्वर प्रसाद यांनी संपादित केलेल्या अधिकृत इतिहासात इटलीच्या मोहिमेचा स्वतंत्र खंड आहे. पलटणींच्या युद्धडायऱ्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण डायरीत नावानं येतो तो अधिकारी, शिपाई आकड्यात येतो: इतके जखमी, इतके बेपत्ता.

अपवाद मोठ्या पदकवाल्यांचा. माणगाव तालुक्यातले तीन-पाचचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर कसे धावून गेले, हे पावलापावलानं लिहिलेलं आहे. आमच्याच एक-पाचचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनियोच्या बांधावरून जखमींना कसे उचलून आणत होते, तेही. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशी त्याच बांधाच्या अलीकडे आमचे आजोबा असतील किंवा नसतीलही. लाँग रोलची ओळ तेवढं सांगत नाही.

म्हणून मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवाव्यात, असं माझं मत झालंय. आम्ही राहतो ती बराक त्याच युद्धासाठी बांधलेली आहे. कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्पच्या दोन हजारांवर बराकी, पुढे त्यांत निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीचं उल्हासनगर झालं. बोटीवर चढण्याआधी आजोबा याच बराकीत झोपले असणार, असं माझा मुलगा मित्रांना रंगवून सांगतो. ऐकायला छान वाटतं. शोधाच्या वहीत मी ते लिहिलेलं नाही.

८. आणि हे सगळ्यांत आधी

तुमच्या घरात, गावात, भावकीत दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाची विधवा अजून हयात असेल, तर पलटण आणि पदकं नंतर शोधा. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन तिच्या मदतीचा अर्ज झालाय का ते विचारा. झाला नसेल तर तिच्याबरोबर बसून तो भरा.