स्वीप आला असं वाटतं, तेव्हा सावध

इलेक्ट्रिक गिटारच्या तंत्रांमध्ये स्वीप पिकिंगइतकं फसवं तंत्र दुसरं नसेल. अल्टरनेट पिकिंग जमत नसेल तर पिक अडखळतं, बेंड कमी पडला तर सूर बेसूर लागतो. चूक लगेच कानावर येते. स्वीपचं तसं नाही. डाव्या हातानं कॉर्डचा आकार धरला, पिक तारांवरून सरळ घसरत नेलं आणि अँपचं डिस्टॉर्शन चढवलं, की पहिल्याच आठवड्यात मोठ्या वादकांसारखा ‘सर्रर्र’ आवाज निघतो. वाजवणारा खूश, ऐकणारे मित्रही खूश. पण तो आर्पेजिओ नसतो, घाईत छेडलेली कॉर्ड असते.

मला हे कळलं ते स्टुडिओत. कॉलेजच्या बँडचं गाणं रेकॉर्ड होत होतं आणि मधला सोलो माझ्याकडे होता. तालमीत ड्रम आणि बासच्या गदारोळात तो झकास वाटायचा. रेकॉर्डिस्टनं बाकीचे सगळे ट्रॅक बंद केले, डिस्टॉर्शनही काढलं आणि नुसती गिटार ऐकवली. काही सूर एकमेकांत कालवलेले, काही उमटलेलेच नव्हते आणि वरचा सूर दर वेळी ठोक्याच्या आधीच येऊन बसत होता. शेवटी त्या जागी एक साधी धून वाजवून गाणं पुरं केलं. नंतर इरेला पेटून रोज रात्री तासन्‌तास वेगात वाजवलं, तर अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू झालं. डॉक्टरांनी गिटार काही आठवडे बंद करायला लावली. आता माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मोबाइलवर स्वीपचे व्हिडिओ पाहूनच आलेली असतात, म्हणून पुढचं जरा तपशिलात सांगतो.

आधी हे तंत्र कशासाठी आलं ते पाहा. लेस पॉल, टॅल फार्लो यांच्यासारखे जॅझ वादक 1950 च्या दशकातच या पद्धतीनं तारांवरून पिक नेत. ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक गॅम्बालेनं त्याची पद्धतशीर मांडणी केली. पिक ज्या दिशेनं निघालंय त्याच दिशेनं पुढची तार घ्यायची, म्हणजे हाताचे हेलपाटे वाचतात, हा त्यामागचा हिशेब. इंग्वे माल्मस्टीनच्या डोक्यात पॅगानिनीचं व्हायोलिन होतं. 1984 च्या ‘रायझिंग फोर्स’पासून त्यानं हे आर्पेजिओ रॉकमध्ये रुजवले. जेसन बेकरच्या 1988 च्या ‘पर्पेच्युअल बर्न’मधलं ‘अल्टिट्यूड्स’ ऐका. इतक्या वेगातही प्रत्येक आर्पेजिओबरोबर कॉर्ड बदलताना स्पष्ट कळते. या सगळ्यांना आधी काही विशिष्ट सूर हवे होते, वेग त्यांच्यामागून आला.

सुरुवात तीन तारांवर करा. ए मायनर घ्या: तिसऱ्या तारेवर 14 वा फ्रेट, दुसरीवर 13 वा, पहिलीवर 12 वा. अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी अशी बोटं आपसूक बसतात. हे तिन्ही सूर एकाच डाउनस्ट्रोकच्या ओघात घ्या. मग पहिल्याच तारेवर करंगळीनं 17 व्या फ्रेटवर हॅमर-ऑन, तिथून पुन्हा 12 वर पुल-ऑफ आणि परतताना दुसऱ्या तारेवरचा 13 वा फ्रेट अपस्ट्रोकनं. सहा सुरांचं हे आवर्तन अखंड फिरत राहतं.

मेट्रोनोम 60 वर ठेवा आणि एका ठोक्याला एकच सूर वाजवा. मग ठोका तोच ठेवून दुगुन, तिगुन करा आणि शेवटी एका ठोक्यात सहाही सूर बसवा. आकडा वाढवायची घाई नको. गायनाच्या रियाजात तान दाणेदार हवी म्हणतात, तोच निकष इथं लावा. प्रत्येक सूर सुटा आणि सारख्या वजनाचा आला पाहिजे.

घोळ होतो तो बहुधा डाव्या हातात. कॉर्ड धरल्यासारखी बोटं दाबून ठेवली तर सगळ्या तारा एकदम घुमतात. सूर वाजला की बोटाचा दाब सोडायचा, पण बोट तारेवरून उचलायचं नाही. पिकचं काम त्या मानानं सोपं आहे. एक तार वाजवून ते पुढच्या तारेवर टेकतं आणि डाव्या हाताचं बोट तयार होईपर्यंत तिथंच थांबतं. जाड तारांकडून बारीक तारांकडे जाताना उजव्या तळव्याची कड मागच्या तारा दाबत सोबत सरकते. परतीच्या वाटेवर बारीक तारा गप्प ठेवायचं काम डाव्या तर्जनीच्या पोटाचं.

तीन तारा पक्क्या झाल्यावरच पाच तारांकडे वळा. तिथं ए मायनरमध्ये चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर एकच 14 वा फ्रेट येतो. दोन्ही तारा एका बोटानं एकदम दाबल्या तर दोन्ही सूर एकत्र वाजतात. म्हणून अनामिकेच्या टोकानं चौथी तार दाबायची आणि मग बोट लोळवत तिसरीवर न्यायचं. याला फिंगर रोलिंग म्हणतात. बहुतेक जण इथंच अडकतात, तेव्हा या दोन सुरांचा सराव वेगळा काढून करा.

साहित्याचा प्रश्न फार मोठा नाही. छोटं, जाड, न वाकणारं पिक घ्या आणि नेक पिकअप वापरा, सूर गोल येतो. सराव क्लीन टोनवरच करा. डिस्टॉर्शन सुरांतलं लहानमोठेपण झाकतं, शिवाय मोकळ्या तारांची खरखर वाढवतं. सरावाआधी हात सैल करून घ्या आणि मध्ये मध्ये थांबा. दुखलं की त्या दिवसापुरती गिटार ठेवून द्या. बोटांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, ‘हात तयार होतोय’ म्हणून दुखणं अंगावर काढू नका.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगानं ऐका. सहाच्या सहा सूर मोजता आले तर पुढे चला, नाही आले तर मेट्रोनोम मागे घ्या. तोवर बँडच्या गाण्यात स्वीप घालू नका. त्या जागी साधी धून स्वच्छ वाजवा, गाण्याचं काहीही बिघडत नाही.