उसन्या संगणकांवर आपलं नेटवर्क : एम्युलॅबची ओळख

शिक्षक मित्रहो, नेटवर्क शिकवताना आपण फळ्यावर चौकोन आणि रेषा काढतो. चौकोन म्हणजे संगणक, रेषा म्हणजे वायर. पण दूरच्या, संथ वायरवर प्रत्यक्ष काय घडतं हे कॉलेजच्या एका खोलीत कसं दाखवणार? सिम्युलेटर आहेत, पण तिथे सगळंच गणिती. खऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे नखरे त्यात दिसत नाहीत.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने 2000 च्या सुमारास यावर एम्युलॅब ही सोय उभी केली. एका ठिकाणी शेकडो संगणक, ते जगभरच्या संशोधकांनी आळीपाळीने वापरायचे. तुम्ही फक्त एक फाईल लिहायची : दोन संगणक हवेत, मधली लिंक 10 मेगाबिटची, विलंब 50 मिलिसेकंद. यंत्रणा मोकळे संगणक शोधते, त्यांवर ऑपरेटिंग सिस्टिम चढवते आणि स्विचवर व्हीलॅन आखून ते एकमेकांशी जोडते. वायरला कुणी हातही लावत नाही!

विलंबाची युक्ती तर फारच छान. दोघांच्या मध्ये एक तिसराच संगणक गुपचूप बसवलेला असतो. तो प्रत्येक पॅकेट 50 मिलिसेकंद अडवून मग पुढे सोडतो. त्यासाठी डमीनेट वापरतात. ते पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझो यांनी लिहिलेलं आहे.

आता मुलं हमखास फसतात ती जागा. प्रत्येक संगणकाला दोन नेटवर्क असतात. एक तुमच्या प्रयोगाचं, दुसरं कंट्रोल नेटवर्क, म्हणजे बाहेरून लॉगिन करण्यापुरतं. संगणकाचं लांबलचक पूर्ण नाव वापरलं की पॅकेट त्या दुसऱ्या वाटेने जातं. म्हणून आधी पिंग करून बघायला लावा. जाताना 50, येताना 50, म्हणजे उत्तर 100 मिलिसेकंदांच्या आसपास हवं. एक मिलिसेकंदही भरत नसेल, तर 'काय फास्ट नेटवर्क!' म्हणून खूश होऊ नका. तुमची लिंक वापरलीच गेलेली नाही, आणि त्यावर काढलेले सगळे आलेख रद्दी.

दुसरी गोष्ट, संगणक उसने आहेत. काम झालं की 'स्वॅप आउट' करून परत करायचे, कारण मागे कुणीतरी थांबलेलं असतं. नुसतेच अडवून ठेवले तर काही तासांनी यंत्रणा स्वतःच काढून घेते. परत केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं. त्यामुळे निकाल प्रोजेक्टच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावेत, आणि कोणतं सॉफ्टवेअर कसं बसवलं तेही स्क्रिप्टमध्ये लिहावं. मुलं कुरकुरतात. मला मात्र ही सक्ती आवडते. हाताने केलेली जुळवाजुळव आठवड्याने कुणाला आठवते?

पालकांसाठी एक सांगते : प्रोजेक्ट शिक्षकाच्या नावावर मागायचा असतो आणि विद्यार्थी त्यात सामील होतात. तेव्हा मुलांनी आधी आपल्या सरांना किंवा मॅडमना गाठावं.

पहिला सराव छोटाच द्या. वरचेच दोन संगणक, एक लिंक, पिंगची नोंद, मग सगळं परत. दुसऱ्या दिवशी त्याच फाईलवर पुन्हा मागवा. कदाचित वेगळेच संगणक मिळतील, पिंग मात्र परत 100 च्या जवळच यायला हवा.