तेल्या रोगाच्या जिवाणूचे बाह्य पटल : रचना, बांधणी आणि रोगनियंत्रण

डाळिंबाच्या पानाफळांवर तेलकट डाग दिसू लागले की बागायतदार औषधांच्या दुकानाची वाट धरतो. फवारणीमागून फवारणी होते, खर्च वाढतो, तरीही पावसाळी दमट हवेत रोग हटत नाही. असे का होते हे समजण्यासाठी या जिवाणूच्या अंगावरील कवच नीट समजून घेणे आवश्यक आहे.

तेल्या हा रोग झान्थोमोनास गटातील जिवाणूमुळे होतो. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्ली येथे झाली. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक बागा या रोगाने उद्ध्वस्त झाल्या.

जिवाणूंचे दोन गट

हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश शास्त्रज्ञाने १८८४ साली जिवाणू रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्रॅम पॉझिटिव्ह आणि धुतल्यावर रंग सोडणारे ते ग्रॅम निगेटिव्ह होत. पहिल्या गटाला एक पटल व त्याबाहेर जाड भिंत असते. दुसऱ्या गटाची भिंत पातळ असते, परंतु तिच्याबाहेर आणखी एक पटल असते. यालाच बाह्य पटल म्हणतात. डाळिंबावरील तेल्या, लिंबावरील खैऱ्या, कोबीवरील घाण्या आणि टोमॅटो-वांग्यावरील जिवाणूजन्य मर या रोगांचे जिवाणू ग्रॅम निगेटिव्ह आहेत. आपले मित्र असलेले रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर हेही त्याच गटातील आहेत.

बाह्य पटलाची रचना

भाकरीला जसे दोन पापुद्रे असतात, तसे या पटलाला दोन थर असतात. आतील थर फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचा असतो. बाहेरील थर मुख्यत्वे लायपोपॉलिसॅकराईडचा असतो. या रेणूचे स्निग्ध बूड पटलात रुतलेले असते आणि शर्करेची लांब साखळी बाजरीच्या कणसावरील कुसळाप्रमाणे बाहेर डोकावते. शेजारशेजारच्या रेणूंना कॅल्शियम व मॅग्नेशियम जखडून ठेवतात. त्यामुळे तेलकट व मोठ्या आकाराच्या रेणूंना सहजासहजी आत शिरता येत नाही.

मग जिवाणूला अन्न कसे मिळते? पटलात पोरिन नावाच्या प्रथिनांची पाण्याने भरलेली छिद्रे असतात. एश्चेरिचिया कोलाय या सर्वाधिक अभ्यासलेल्या जिवाणूत सुमारे ६०० डाल्टनपर्यंतचे, पाण्यात विरघळणारे रेणू त्यातून आत जातात. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक सुमारे १,४५० डाल्टनचे असल्याने ते बाहेरच अडते.

पटलाची बांधणी

पटलाचे सर्व भाग पेशीच्या आत तयार होतात. मात्र बाह्य पटलाजवळ ऊर्जा देणारा एटीपी हा पदार्थ नसतो. त्यामुळे लायपोपॉलिसॅकराईड बाहेर नेण्यासाठी सात प्रकारच्या प्रथिनांचा पूल असतो. ऊर्जा पुलाच्या आतील टोकाला खर्ची पडते आणि मागच्याने रेटले की रांगेतील पुढचा सरकतो, त्याप्रमाणे रेणू बाहेरील थरात पोहोचतात.

पोरिनचे काम निराळे आहे. त्याचा लांब धागा सोबती प्रथिनांच्या आधाराने बाह्य पटलापर्यंत येतो. तेथे 'बॅम' हा पाच प्रथिनांचा संच, बांबूच्या कामट्यांची कणगी विणावी तसा त्याला गोल आकार देऊन पटलात बसवितो. हा संच बंद पडला तर जिवाणू जगत नाही. डॅरोबॅक्टिन हे प्रतिजैविक नेमका तोच अडवते, असे २०१९ साली दिसून आले. ते सापडले फोटोऱ्हॅब्डस या जिवाणूत. हुमणीच्या जैविक नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या काही सूत्रकृमींच्या आतड्यात फोटोऱ्हॅब्डस जिवाणू राहतात. डॅरोबॅक्टिन हे शेतात फवारावयाचे औषध मात्र नव्हे.

यावरून काय शिकावे?

ताम्रयुक्त औषधातील तांब्याचे आयन जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात व पटले आणि प्रथिने निकामी करतात. परंतु हे काम जिवाणू पानाफळांच्या पृष्ठभागावर असेपर्यंतच होते. तो पर्णरंध्रातून किंवा जखमेतून आत शिरला आणि चिकट द्रवात वेढला गेला की तेथे तांबे पुरेसे पोहोचत नाही. म्हणून फवारणी रोगापूर्वीची असावी.

स्ट्रेप्टोमायसिनला तर पटले ओलांडून पेशीच्या आत काम करावे लागते. वारंवार वापराने त्याला न जुमानणारे जिवाणू शिल्लक राहतात व वाढतात. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनच्या बंदीचा मसुदा प्रसिद्ध केला होता. तेव्हा प्रतिजैविकांवर भिस्त ठेवू नये.

उपाययोजना

१. रोगमुक्त बागेतीलच रोपे लावावीत.

२. रोगट बागेत मृग बहार टाळून हस्त बहार धरावा. फळे काढल्यावर बागेस ३ ते ४ महिने विश्रांती द्यावी.

३. रोगट फांद्या डागाच्या खाली दोन इंच छाटून जाळाव्यात. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करावी आणि कापांवर १० टक्के बोर्डोपेस्ट लावावी.

४. छाटणीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावे. मिश्रण प्लॅस्टिकच्या भांड्यात करून त्याच दिवशी वापरावे. त्यात बुडविलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी.

५. कडधान्याच्या बियाण्यास बुरशीनाशक आधी व रायझोबियम शेवटी लावून बियाणे सावलीत सुकवावे. रायझोबियम ताम्रयुक्त औषध किंवा प्रतिजैविकात मिसळू नये. शत्रूसाठी आणलेले औषध मित्रालाही मारते.

शेतकरी बंधूंनो, जिवाणू झाडात शिरल्यावर त्याच्यामागे धावण्यापेक्षा तो शिरणारच नाही अशी व्यवस्था करणे स्वस्त पडते व खात्रीचेही ठरते.