घराला टेकलेला आंबा कोणाला विचारून तोडावा?

प्रश्न : अलिबाग शहरात आमचं कौलारू घर आहे. परसातला जुना आंबा छपरावर झुकलाय. झाड आमचंच, तरी परवानगी लागते का?

उत्तर : हो, लागते. नगरपालिका हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा, सोबत झाडाचे व छपराचे फोटो आणि जागेचा उतारा जोडा. अधिकारी पाहणी करतात, झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात. जिवाला किंवा घराला खरोखर धोका असेल, तर परवानगी नाकारली जात नाही. झाड 50 वर्षांहून जुनं असेल, तर 2021 च्या दुरुस्तीनुसार ते ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं आणि नियम कडक होतात.

फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी विचारा. झाडाला इजा करणं हेही कायद्याने तोडणंच आहे. 2020 च्या निसर्ग वादळानंतर धास्ती वाटणं साहजिक आहे, पण बहुतेकदा छपरावरचा भार उतरवला की पुरतं. हे काम आंबे उतरल्यावर, पावसाआधी उरका.

घर ग्रामपंचायत हद्दीत असतं, तर 1964 चा वृक्षतोड कायदा पाहावा लागला असता. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच आहेतच.