पांखरांचा जमाखर्च व परसांतील जुडी

जोंधळा हुरड्यास आला म्हणजे शेतकरी बंधूंस पांखरांची आठवण होते, व तीही गोफण हातीं घेतांना! परंतु खातें पाहावयाचें तर जमा व खर्च दोन्ही पाहावे. चिमणी व सुगरण दाणे खातात, हें खरें. तथापि पिलांस त्या मुख्यतः किडे व अळ्या भरवितात. चीन देशांत १९५८ सालीं चिमण्यांच्या संहाराची मोहीम निघाली. किडींचा उपद्रव वाढल्यावर १९६० सालीं चिमण्यांस तींतून वगळावें लागलें. यास्तव दाणा दुधांत असतां शेताची राखण अवश्य करावी, पण परसांत पांखरांस थारा द्यावा, असें आम्ही सुचवितों.

राधानगरी-गगनबावड्याकडे भाताच्या लोंब्यांची, शिरोळकडे जोंधळ्याच्या कणसांची जुडी ओसरीस टांगावी. मुनियेची चोंच आंखूड व जाड. तिला राळा, वरी, नाचणी असें बारीक धान्य मानवतें. बांधावरील थोडें गवत बीं धरेपर्यंत राखावें. जुडी पुरुषभर उंचीच्या वर असावी. लगत मांजरास दडण्याजोगी जागा नसावी. खालीं मातीच्या परळांत दोन बोटें पाणी ठेवून तें रोज बदलावें. भिजून बुरसलेला दाणा काढून टाकावा. औषध चोळलेलें उरलेलें बियाणें मात्र कदापि टाकूं नये व पेरतांना तें उघडें राहूं देऊं नये. तें पांखरांस विषच होय.

पांखरें येण्यास कांहीं दिवस लागतात. तोंवर जागा बदलूं नये.