जुन्या पिकअप गाडीच्या स्टिअरिंगमधील दोष कसा ओळखावा

मुरुम व पंचक्रोशीतील शेतमाल बाजारपेठेपर्यंत पोहोचविण्याचे काम पूर्वी बैलगाडीकडे असे. आज ते बहुतांशी पिकअप गाडीकडे आले आहे. तूर, सोयाबीन व हरभऱ्याची पोती मुरुमच्या बाजार समितीत न्यावयाची असोत, अथवा भाजीपाला राष्ट्रीय महामार्ग ६५ ने नळदुर्गमार्गे सोलापूरला न्यावयाचा असो, गाडीवाचून अडते. पुष्कळ शेतकरी नवी गाडी न घेता दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी खरेदी करतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र जुन्या गाडीचे इंजिन जितक्या काळजीने पाहिले जाते, तितक्या काळजीने तिचे स्टिअरिंग पाहिले जात नाही.

बैलगाडीची खीळ निघाली तर चाक निखळते, बैल थांबतात आणि नुकसान बहुधा तेवढ्यावरच भागते. भरधाव पिकअपच्या स्टिअरिंगचा एखादा सांधा निखळला, तर चालकाच्या हातातील चाक फिरते. परंतु रस्त्यावरची चाके त्याचे ऐकत नाहीत. सुदैवाने सांध्याची झीज एका दिवसात होत नाही. ती बहुधा पुष्कळ आधीपासून सूचना देत असते. ती सूचना वाचावयास शिकणे, हाच या पाठाचा हेतू होय.

तपासणीचा क्रम

विहिरीचे पाणी पाटाने शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर शेतकरी प्रथम मोटार खोलीत नाही. पाट कोठे फुटला आहे ते पाहत जातो. स्टिअरिंगचेही तसेच आहे. हाताची हालचाल दांड्यामधून स्टिअरिंग बॉक्समध्ये, तेथून ड्रॉप आर्ममध्ये, पुढे जोडदांड्या व टाय रॉड यांच्या बॉल जॉइंटमधून चाकांपर्यंत जाते. ही हालचाल ज्या ठिकाणी हरवते, तेथे दोष असतो. म्हणून स्वस्त व सोपे ते आधी, महाग व अवघड ते शेवटी, असा क्रम ठेवावा.

१. चाके, हवा आणि भार

टायर थंड असताना पुढील दोन्ही चाकांची हवा मोजावी. ती उत्पादकाने ठरविलेल्या प्रमाणात व दोन्हीकडे सारखी हवी. हवा कमी असल्यास स्टिअरिंग जड होते. एका बाजूस कमी असल्यास गाडी त्या बाजूस ओढते. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त, असे समजावे. टायरवरून आडवा तळहात फिरविताना एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे लागल्यास चाकांची सरळ रेषा, म्हणजे अलाइनमेंट, बिघडलेली असते.

काळ्या रानातून गाडी बाहेर आली म्हणजे रिमच्या आतील बाजूस चिखल बसतो व वाळून घट्ट होतो. त्याच्या वजनाने चाकाचा तोल जातो आणि ठराविक वेगावर स्टिअरिंग थरथरू लागते. अशा वेळी कारागिराकडे जाण्यापूर्वी रिम आतून धुवावी. मागील आसाच्या मागे अधिक भार रचल्यास गाडीचे तोंड हलके होऊन ती रस्त्यावर भरकटते. हा गाडीचा दोष नव्हे, भरणाऱ्याचा होय.

२. मोकळेपणाचे मोजमाप

सपाट व कठीण जागी गाडी उभी करावी, चाके सरळ ठेवावीत, हँडब्रेक ओढावा व चाकांना दगडांचा अडसर द्यावा. पॉवर स्टिअरिंग असल्यास हे मोजमाप इंजिन चालू ठेवून घ्यावे. स्टिअरिंगच्या कडेवर खडूने खूण करावी. एकाने ते हलकेच डावी-उजवीकडे फिरवावे व दुसऱ्याने बाजूला उभे राहून पुढील चाक केव्हा हलू लागते ते पाहावे. चाक न हलता कड जितकी सरकली तितका मोकळेपणा होय.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे हा मोकळेपणा ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे १० सेंटिमीटर होतात. ही शेवटची मर्यादा आहे. सुस्थितीतील गाडीत मोकळेपणा याहून बराच कमी असतो. याच नियमाप्रमाणे बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असणे आवश्यक आहे. टोपी फाटली की धूळ व पाणी आत जाऊन ग्रीस निघून जाते आणि सांधा झपाट्याने झिजतो.

३. सांध्यांची तपासणी

आता इंजिन बंद करून किल्ली अशी ठेवावी की स्टिअरिंगचे कुलूप लागणार नाही. एकाने स्टिअरिंग थोडे-थोडे हलवावे. दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर क्रमाने हात ठेवावा. एक दांडी हलते पण तिला जोडलेली दुसरी उशिरा हलते, असे जेथे जाणवेल तो सांधा झिजलेला आहे. स्टिअरिंग बॉक्सच चासीवर हलत असेल तर त्याचे बोल्ट सैल आहेत.

नंतर पुढील एक चाक जॅकने उचलून चासीखाली मजबूत आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाक वर व खाली धरून हलवावे. खडखड आढळल्यास दुसऱ्याने ब्रेक दाबावा. ब्रेक दाबताच खडखड थांबली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. न थांबल्यास किंगपिन अथवा चाकाचा बॉल जॉइंट झिजला आहे. चाक डावी-उजवीकडे धरून हलविल्यावर खडखड आली, तर टाय रॉडच्या टोकांकडे लक्ष द्यावे.

४. जडपणा व ओढ

पॉवर स्टिअरिंग जड झाल्यास तेलाची पातळी, पाइपची गळती व बेल्टचा ताण पाहावा. वळताना किंचाळल्यासारखा आवाज येणे हे सैल बेल्टचे लक्षण असते. गाडी सतत एकीकडे ओढत असल्यास पुढील टायरांची अदलाबदल करावी. ओढ बाजू बदलते तर दोष टायरचा. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर दोष ब्रेकमध्ये शोधावा.

एक सार्वत्रिक चूक

समजा, एका शेतकऱ्याच्या गाडीचे स्टिअरिंग सैल झाले. कोणीतरी बॉक्सवरील समायोजनाचा स्क्रू आवळून दिला. हातास मोकळेपणा कमी वाटू लागला व शेतकरी समाधानाने परतला. परंतु झीज टाय रॉडच्या सांध्यात होती. ती तेथेच राहिली, वाढत गेली. शिवाय अति आवळलेला बॉक्स मध्यभागी अडखळू लागला आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होईनासे झाले. दोष गेला नाही. केवळ त्याची सूचना बंद झाली. म्हणून सर्व सांधे निर्दोष ठरल्याशिवाय या स्क्रूला हात लावू देऊ नये.

तसेच स्टिअरिंगच्या कोणत्याही भागास वेल्डिंग करून घेऊ नये, तापवून सरळ करू नये. झिजलेला सांधा बदलावा, नवी स्प्लिट पिन घालावी आणि लगेच अलाइनमेंट करून घ्यावे. सांध्यात स्पष्ट खडखड आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत माल किंवा मजूर नेऊ नयेत.

ग्रामकार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एकदा व सुगीपूर्वी एकदा गावातील गाडीमालकांना एकत्र करून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यासाठी खडू, फूटपट्टी, हवा मोजण्याचे यंत्र, जॅक व मजबूत आधार एवढे साहित्य पुरते. प्रत्येक गाडीचा मोकळेपणा तारखेसह वहीत नोंदवावा. पुढील नोंदीत आकडा वाढलेला दिसला, की सांधा निखळण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात गाडी कारागिराकडे न्यावी.