शब्दांविना अल्बम, हिशेबासकट

बारावीचा निकाल लागलेला असतो, सीईटीचे गुण हातात असतात आणि मुलगा म्हणतो, ‘मला आधी अल्बम काढायचाय. गाण्यांचा नाही, नुसत्या गिटारचा.’ हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीतल्या एखाद्या घरात असं झालं, तर पुढचे दोन प्रश्न ठरलेले. गाणाराच नाही तर ऐकणार कोण? आणि पोट कशावर भरणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पालकांनी ते विचारलेच पाहिजेत. उत्तर मात्र पूर्ण ऐकून घ्यावं, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं निराशाजनक नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर गावातच आहे. वरातीत, मिरवणुकीत बेंजो पार्टी वाजते तेव्हा गायक कुठे असतो? चाल बेंजोवर वाजते, मागे ढोलताशा किंवा कॅसिओ, आणि अख्खी गल्ली नाचते. शब्द नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही. त्याआधीच्या पिढीने व्हॅन शिपली आणि सुनील गांगुली यांनी गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या आवडीने ऐकल्या. १९६७ साली आलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने ब्रिजभूषण काब्रांची गिटार होती. विश्वमोहन भट्ट यांना अमेरिकी गिटारवादक राय कूडरसोबतच्या गिटारवादनासाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. थोडक्यात, नुसतं वाद्य ऐकायची सवय आपल्याकडे जुनी आहे.

फरक एवढाच की बेंजोवर ओळखीची चाल असते. स्वतः बांधलेली, रॉकच्या अंगाने जाणारी रचना ऐकणारे लोक एका गावात फार तर दहा-वीस भेटतील. पण तसे दहा-वीस लोक पुण्यात आहेत, शिलाँगमध्ये आहेत, ब्राझीलमध्येही आहेत. या विखुरलेल्या श्रोत्यांपर्यंत कंपनीच्या मध्यस्थीशिवाय पोहोचता येणं, ही गेल्या वीस वर्षांतली खरी घडामोड.

महाराष्ट्रातलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा वॉरन मेंडोन्सा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ‘झीरो’ नावाचा रॉक बँड उभा राहिला, त्याचा तो गिटारवादक. बँडमध्ये गाणारे होते, चाहते होते, कॉलेजांच्या महोत्सवांत नाव होतं. तरीही २००७ मध्ये त्याने ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’ हा गिटारकेंद्री अल्बम स्वतःच काढला. पाठीशी बडी कंपनी नव्हती. २००९ मध्ये ‘द न्यू अल्बम’ आला आणि २०१७ मध्ये ‘द लास्ट अ‍ॅनलॉग जनरेशन’. पहिल्या अल्बमपासून तिथपर्यंत दहा वर्षं गेली. या काळात जय रो कवी ड्रम्सवर, आदी मिस्त्री बासवर आणि बेव्हन फोन्सेका कीबोर्डवर, असा पक्का संच जमला. आज या देशात वाद्यसंगीतातल्या रॉक गिटारविषयी बोलणं निघालं की हे नाव पहिल्या फळीत येतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शंकर-एहसान-लॉय या त्रयीतले लॉय मेंडोन्सा हे वॉरनचे काका. घरात संगीत होतं आणि स्टुडिओची वाट माहीत होती. सेनगावच्या मुलाला असा काका नसतो, आणि या उणिवेचा मुलाच्या वाटचालीवर परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वॉरनकडून घेण्यासारखी गोष्ट काकांवर अवलंबून नाही. अल्बमच्या विक्रीवर घर चालवायचा हट्ट त्याने धरला नाही. दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवणं, संगीतनिर्मिती करणं, मिक्सिंग करणं ही कामं सोबत चालू राहिली. अल्बमने त्याची ओळख घडवली, आणि ती ओळख त्याला कामं मिळवून देत राहिली.

कर्ज काढून अल्बम करावा का, हा प्रश्न पालकांच्या मनात असतोच. त्यासाठी अमेरिकेतल्या जो सॅट्रियानीची गोष्ट उपयोगी पडते. तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत गिटारच्या शिकवण्या घ्यायचा. स्टीव्ह वाय हा त्याचा न्यूयॉर्कमधला जुना शिष्य, आणि ‘मेटालिका’ बँडचा कर्क हॅमेट बर्कलीतला. १९८४ मध्ये सॅट्रियानीने स्वतःच एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातले सगळे आवाज, अगदी तालाचेसुद्धा, त्याने गिटारमधूनच काढले होते. त्यानंतरचा ‘नॉट ऑफ धिस अर्थ’ हा अल्बम त्याने क्रेडिट कार्डावर खर्च करून ध्वनिमुद्रित केला. तो १९८६ मध्ये आला, पण कर्जाचा बोजा इतका झाला की ते फेडायला त्याला ग्रेग किन बँडमध्ये गिटार वाजवायची नोकरी धरावी लागली. १९८७ चा ‘सर्फिंग विथ द एलियन’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि मग दिवस पालटले. हे सगळं वाचून मुलाला क्रेडिट कार्ड दिसेल. पालकांनी त्याला शिकवण्या आणि बँडमधली नोकरी दाखवावी. सॅट्रियानी बुडाला नाही, कारण बोटांत दुसऱ्याच्या कामी येईल असं कसब होतं आणि ते विकायला त्याला लाज वाटली नाही.

आणि आता कर्जाची तशी गरजही उरलेली नाही. त्या काळी स्टुडिओचं भाडं तासावर मोजलं जायचं. आज एक बरी इलेक्ट्रिक गिटार, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि घरातला लॅपटॉप एवढ्यावर अल्बम होतो. ‘रीपर’ हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून पाहता येतं आणि नंतर वैयक्तिक परवाना साठ डॉलरला मिळतो. अँप्लिफायरचा आवाज संगणकातच तयार करणारं ‘न्यूरल अँप मॉडेलर’ तर मोफत आहे. ड्रमर मिळाला नाही तर ताल सॉफ्टवेअरमध्ये एकेक ठोका मांडून उभा करता येतो. त्याला वेळ लागतो, पण त्यातूनच मुलाला ताल खऱ्या अर्थाने कळायला लागतो.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. छोट्या शहरातल्या घरात गिटार इंटरफेसला जोडली की हेडफोनमध्ये घुंऽऽ असा एकसुरी आवाज सुरू होतो. मुलगा समजतो गिटार खराब आहे, आणि नव्या गिटारचा आग्रह धरतो. बहुतेक वेळा दोष घराच्या अर्थिंगमध्ये असतो. भारतातली वीज पन्नास हर्ट्झची, तिची गुणगुण गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहावं, ट्यूबलाइट आणि पंखा बंद करावा, गिटार घेऊन बसायची दिशा थोडी बदलावी. पुष्कळदा आवाज तिथेच निम्मा होतो. साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू असेल तर त्याचीही भर पडते, म्हणून लाइट गेल्यावर ध्वनिमुद्रण न केलेलंच बरं. शेवटचा उपाय म्हणजे इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घेणं. तो खर्च नव्या गिटारपेक्षा कितीतरी कमी, शिवाय घराच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यकच.

या एका घुंऽऽच्या मागे लागून मुलगा विजेबद्दल, ध्वनीबद्दल आणि आपल्या वाद्याबद्दल जे शिकतो, ते त्याला पुढे दुसऱ्याच्या स्टुडिओत पगार मिळवून देऊ शकतं. पहिल्या अल्बमची खरी कमाई ही. तो पूर्ण करणारा मुलगा रचना करतो, ध्वनिमुद्रण करतो, संपादन करतो, मिक्सिंग शिकतो, मुखपृष्ठ करून घेतो, करार वाचतो आणि जाहिरातही करतो. यातल्या प्रत्येक कामाला बाजारात स्वतंत्र मागणी आहे. मराठी मालिका, लघुपट आणि जाहिरातींना पार्श्वसंगीत लागतं. मराठवाड्यात साउंड सिस्टिमचा धंदा तेजीत आहे, आणि तिथे नीट कान असलेला माणूस सहजी मिळत नाही.

आता पैशाचं. स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक यांसारख्या ठिकाणी अल्बम पोहोचवायला डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी अशा वितरकांपैकी एकाची मदत घ्यावी लागते. हक्क कलाकाराकडेच राहतात. वितरक वार्षिक शुल्क घेतो किंवा उत्पन्नातला हिस्सा. एका वेळी ऐकण्याचा ठरलेला दर नसतो, महसुलाच्या एकूण रकमेतून वाटा पडतो आणि तो फार छोटा असतो. त्यातही स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला आहे: मागच्या बारा महिन्यांत एखादी रचना किमान हजार वेळा ऐकली गेली नसेल, तर तिच्या ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी या वाटेने येणारी रक्कम शून्य धरूनच हिशेब मांडावा. बँडकँप या संकेतस्थळाचं गणित जरा वेगळं आहे. तिथे श्रोता अल्बम विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतला पंधरा टक्के वाटा संकेतस्थळ ठेवतं. मनापासून आवडलं म्हणून पैसे मोजणारे पन्नास लोक तिथे भेटले, तर नवख्या गिटारवादकासाठी ते स्ट्रीमिंगवरच्या हजारो कानांपेक्षा मोलाचे.

हक्कांच्या बाबतीत मात्र वाद्यसंगीत करणाऱ्याची बाजू भक्कम असते. गीतकार नसल्यामुळे रचनेचा हक्क वाटून घ्यावा लागत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर संगीतरचनेसाठी पाचशे आणि ध्वनिमुद्रणासाठी दोन हजार रुपये शुल्क आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही मुंबईतली संस्था रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. पहिला अल्बम बाहेर आला की तिचं सदस्यत्व घेण्याचा विचार जरूर करावा. पुढे एखादी कंपनी करार घेऊन आली, तर मुदत आणि प्रदेश हे दोन रकाने आधी बघावेत. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे शब्द दिसले की सही लांबवावी आणि वकिलाला दाखवावं.

मुलगा अठराच्या आतला असेल तर आणखी एक गोष्ट. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने, केलेला करार ग्राह्य धरला जात नाही. वितरकाचा अर्ज, बँक खातं, पॅन यांत आईवडिलांनाच पुढे व्हावं लागतं. हे ओझं वाटून घेऊ नये. त्या निमित्ताने पालक मुलाच्या शेजारी बसून अर्ज वाचतात आणि पोरगं नेमकं काय करतंय हे त्यांना आतून कळतं. मित्राने ड्रम्स वाजवले असतील तर त्याला एकरकमी पैसे दिले की वाटा द्यायचाय, हे त्याच दिवशी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मैत्री टिकवायची असेल तर हा कागद हवाच.

शिक्षण सोडायची गरज नाही, आणि सोडूही नये. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा शिकता शिकता देता येतात. रागाचा अभ्यास केलेला गिटारवादक इतरांपेक्षा वेगळा ऐकू येतो, हे भट्ट आणि काब्रा यांनी दाखवून दिलंच आहे. पाश्चात्त्य पद्धतीने शिकायचं तर ट्रिनिटी आणि रॉकस्कूल यांच्या श्रेणी परीक्षा आहेत. हिंगोली जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. तांत्रिक बाजू आवडणाऱ्या मुलाने पदवी पूर्ण करून पुण्याच्या एफटीआयआयमधल्या ध्वनी विभागाची प्रवेश परीक्षा डोळ्यांसमोर ठेवावी. बीएस्सी किंवा डिप्लोमा चालू असतानाच संध्याकाळी अल्बम करणारी मुलं असतात, आणि त्यांना घरून विरोधही कमी होतो.

खर्च कधी करायचा हेही घरच्या चक्रावर ठरतं. जिल्ह्यातल्या अनेक घरांत मोठी रक्कम सोयाबीन किंवा हळद विकल्यावरच हातात येते. तोवर असलेल्या गिटारवर रचना तयार कराव्यात, मोबाइलवर मुद्रित करून चार जाणत्या माणसांना ऐकवाव्यात, कच्च्या वाटतील त्या काढून टाकाव्यात. आठ रचनांचा अल्बम करायचा तर निदान पंधरा हाताशी हव्यात. इंटरफेसची खरेदी त्यानंतर. मास्टरिंग शेवटी, आणि ते मात्र दुसऱ्या अनुभवी माणसाकडून पैसे देऊन करून घ्यावं. महिनोन्‌महिने तेच ऐकून स्वतःचा कान थकलेला असतो. प्रकाशनाची तारीख फाइल चढवल्यापासून महिनाभर पुढची ठेवावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे रचना सुचवायची असेल तर ती प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावी, आणि घाईत बाहेर पडलेल्या नवख्यांची ही संधी पहिल्याच वेळी हुकते.